हळद न लागलेले दात

१

सत्यजीतची किंकाळी ऐकली तेव्हा माझ्या तोंडात टूथपेस्टचा फेस होता. चूळ कशीबशी भरली आणि वर धावले. आमच्या ‘सुखदा’ बिल्डिंगचा शेवटचा मजला, तिथून गच्चीकडे जाणारा जिना, आणि त्या जिन्यावर सत्यजीतची बायको अनुया उताणी पडलेली. डोकं खालच्या पायरीवर, पाय वरच्या. सत्यजीत द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर. रात्रपाळी करून नुकताच आलेला. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, सॅक अजून खांद्यावरच.

"डॉक्टर, बघा ना हिला! बघा ना!"

काय बघू? मी दातांची डॉक्टर आहे, पण थांबलेली नाडी कुणालाही कळते. मनगट गार पडलेलं, जबडा ताठरलेला. मागच्या केसांत रक्त वाळून चिकटलेलं. अंगात घरातला गाऊन, पाय अनवाणी, तळवे मात्र लख्ख. ओठ थोडे विलगलेले होते आणि आत दातांवरच्या ब्रेसेस सकाळच्या उन्हात स्वच्छ चमकत होत्या. ते माझंच काम. आदल्याच दिवशी सकाळी ती क्लिनिकमध्ये येऊन त्यांची रबरं बदलून गेली होती. एकोणतीस वर्षांची पोर. मला रडू येईना, संतापच आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

दारात अनुयाची सासू, आशालताकाकू, पदराचा बोळा तोंडात कोंबून उभ्या होत्या. "मला वाटलं आत झोपलीय गं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

पोलीस आले. सहायक निरीक्षक गुरुदत्त घरत, चिरनेरचा माणूस, आवाज बारीक आणि नजर मोठी. त्यांनी जिन्यातच सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "रात्री गच्चीवर कोण गेलतं?"

 माझा धाकटा भाऊ अरसलान माझ्या मागे उभा होता, आणि त्याच्या मागे अम्मी. अरसलान फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान चालवतो, तीस वर्षांचा घोडा झालाय, पण अम्मीसमोर त्याची मान खाली.

"मी तर नव्हतो गेलो वर," तो न विचारताच म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. तो रोज रात्री गच्चीवर चोरून सिगारेट ओढतो. अम्मीला पत्ता नाही, पण त्याच्या खालच्या दातांच्या आतल्या बाजूचे तपकिरी डाग मी दर सहा महिन्यांनी खरवडून काढते. दात खोटं बोलत नाहीत, भाऊ बोलतो.

थोड्या वेळात गच्चीवरून शिपाई उतरला. त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सिगारेटची थोटकं होती, दोन तर अगदी ताजी. आणि आशालताकाकूंनी तोंडातला पदर काढला.

"साहेब, मी दाराच्या भिंगातून बघितलं होतं. रात्री हा अरसलान वरून धावत खाली आला."

२

दुपारपर्यंत माझा भाऊ जीपमध्ये होता आणि संध्याकाळी कोठडीत. अम्मीने विचारलं, "सिगरेट पीता था क्या वो?" सगळं सोडून तिला तेच सुचलं. मग ती नमाज पढायला जानमाजवर बसली ती उठलीच नाही.

बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय काय चाललं होतं ते मी लिहिणार नाही. जे लोक पंधरा वर्षं माझ्यासमोर आ करून बसले त्यांनी लिहिलं ते. मी ग्रुप सोडला आणि पोलीस ठाण्यात जाऊन बसले.

घरत साहेबांनी मला हाकललं नाही, एवढी माणुसकी दाखवली.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. सगळं उलगडून सांगतो, मग तुमीच बोला. पोस्टमॉर्टेमवाले डॉक्टर म्हणतात, मरण रात्री उशिरा, चंद्र उगवून बराच वेळ झाल्यावर. कारण डोक्याला मार. नवरा संध्याकाळीच कंपनीच्या बसने द्रोणागिरीला गेला. गेटवर हजेरीचं कार्ड पंच केलेलं हाय, गोदामात कॅमेरे हायत, रात्रभर माणूस तिथंच. घरात फक्त सासू. वर गच्चीत तुमचा भाऊ. आणि तो पहिल्याच फटक्यात आमच्याशी खोटं बोलला."

"अम्मी मागे उभी होती म्हणून बोलला! सिगारेट लपवायला."

"सिगारेटपायी कुणी पोलिसांशी खोटं बोलतं?"

"आमच्या अम्मीला तुम्ही ओळखत नाही."

ते हसले नाहीत. "तो काल दिवसभर कुठं होता ते तपासलं आमी. अंधार पडेपर्यंत दुकानात. मग मशिदीत. मग फुजैलच्या हॉटेलात जेवला. सगळीकडे माणसांनी बघितलाय. चंद्र वर आल्यावर घरी आला आणि गच्चीत गेला. तिथून पुढं त्याचा साक्षीदार कोण? कोण नाय. तो सांगतो, खाली येताना जिना मोकळा होता. मग बाई कुठनं आली? उद्या कोर्टात उभा करतो. चार दिवसांची कोठडी मागणार."

चार दिवस. अरसलानला दम्याचा त्रास आहे. आणि चार दिवसांनी जे नाव पडेल ते पनवेलात जन्मभर पुसलं जाणार नाही. माझा भाऊ सुटला नाही तर त्याच्याबरोबर अम्मी आणि मी, आम्ही दोघीही संपलो, हे मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

"सासूबाईंचं म्हणणं तरी सांगा," मी म्हणाले.

"त्यात काय नाय. काल संकष्टी. सुनेचा उपास, सासूचाही. नवरा गेल्यावर चंद्रोदय झाला. दोघींनी चंद्र बघितला, नैवेद्य दाखवला, एकत्र जेवल्या. वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी. सुनेने वरण दोनदा मागून घेतलं म्हणे. मग वाळत घातलेले कपडे आणते सांगून ती गच्चीत गेली. सासूने बीपीची गोळी घेतली आणि अंथरुणावर पडली. आमी गेलो तेव्हा दोन ताटं मोरीत तशीच होती, खरकटी. फोटो हाय त्यांचा."

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे पडली तिचा आवाज झाला.

"साहेब, वरण पिवळं होतं?"

"म्हंजे?"

"वरणाला हळद होती का, ते बघा फोटोत."

त्यांनी फाइल उघडली, फोटो काढला, माझ्यासमोर धरला. दोन्ही ताटांच्या कडेला पिवळंधमक वरण वाळलेलं होतं.

"मग ती जेवली नाही," मी म्हणाले.

३

माझं क्लिनिक टपाल नाक्याजवळ आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाची तक्रार एकच, दातांवर डाग. चहाचे, सोलकढीचे, बिटाचे, पानाचे. मी शिव्या घालते आणि पॉलिश करते. चहा प्यायल्यावर चूळ भरा, सरबत स्ट्रॉने प्या, आणि राख-मिठाने घासू नका, दात झिजतात. दातांवरचे डाग निघतात. न निघणारा डाग एकच, ब्रेसेसच्या रबरांना लागलेला हळदीचा.

रंगाने दिसू नयेत अशा ब्रेसेस बसवल्या की त्यांच्यावरची बारीक रबरंही पारदर्शक लागतात. महिन्याला एकदा ती बदलायची. आणि आपल्या जेवणात हळद नाही असा दिवस कुठला? सकाळी पांढरी रबरं लावून गेलेली पोरगी दुपारी भाजी-पोळी खाते आणि संध्याकाळी आरशात बघून मला फोन करते की दात हळदीत बुडवल्यासारखे झालेत.

त्यावर तोड अनुयाने काढली होती. मोठी हुशार. पहिल्याच महिन्यात म्हणाली, "डॉक्टर, मला चतुर्थीची अपॉइंटमेंट द्या. उपासाला हळद चालत नाही. साबुदाणा, दही, बटाटा, दूध, सगळं पांढरं. निदान एक दिवस तरी पांढऱ्या दातांनी ऑफिसात मिरवते." मला ते इतकं पटलं की मी बाकीच्या बायकांनाही तेच सांगायला लागले. आता चतुर्थी-एकादशीला माझ्याकडे नुसती झुंबड असते. एक मुसलमान बाई पंचांग बघून पेशंट घेते याची पनवेलात गंमत आहे.

हे सगळं मी घरत साहेबांना सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण तोंडावर काही दिसेना.

"मॅडम, तुमी मला संकष्टी शिकवताय? माझी आई तीस वर्षं करते."

"शिकवते. तुमच्या डब्यात काय आहे?"

"काय?"

"डबा उघडा."

त्यांच्या बायकोने वरण दिलं होतं, भातावर नको म्हणून वेगळ्या वाटीत. माझ्या पर्समध्ये चिमटा आणि रबरांचं पाकीट असतंच. एक पारदर्शक कडी काढून त्या वाटीत टाकली. "चहा मागवा," म्हणाले. चहा आला, पिऊन झाला. मग कडी बाहेर काढून ठाण्याच्या बेसिनवर साबणाने धुतली, एका शिपायाचा टूथब्रश मागून घासली, आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

पिवळी. चांगली ठसठशीत पिवळी.

"आयला," घरत साहेब हळूच म्हणाले.

"काल सकाळी मी तिला नवी रबरं लावली. आज सकाळी ती मेलेली पाहिली. रबरं काचेसारखी होती. पंचनाम्याला तोंडाचे फोटो काढले असतील तर मोठे करून बघा, आरोपीच्या बहिणीवर विश्वास ठेवू नका."

त्यांनी मोबाइलवर फोटो शोधला, दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघत राहिले. मग सरळ पोस्टमॉर्टेम केलेल्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"सर, त्या सुखदावाल्या केसमध्ये पोटात काय होतं?"

"थोडंसंच होतं. साबुदाणा, दाण्याचं कूट. लॅबला पाठवलंय, रिपोर्ट यायला वेळ लागेल."

"भात? वरण?"

"छे. का?"

"मला बोलला नाय तुमी."

"तुम्ही विचारलंच नाहीत."

मला वाटलं, झालं, सुटला अरसलान. पण घरत साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत सुटका नव्हती.

"ठीक हाय. सासू खोटं बोलली, सून जेवली नाय. पण मरण चंद्र वर आल्यावर खूप वेळाने आलं, ते बदलत नाय. त्या वेळी नवरा द्रोणागिरीला. सासू साठ वर्षांची. आणि गच्चीत होता तो तुमचाच भाऊ. उपाशी बाईला पण मारता येतं, मॅडम."

४

दुसऱ्या दिवशी कोर्टाने चार दिवसांची कोठडी दिली. अरसलानने गाडीत चढताना माझ्याकडे बघितलं.  श्वास घेताना त्याची छाती वाजत होती, ते मला रस्त्यापलीकडून ऐकू आलं असं वाटलं.

त्यानंतरच्या दिवशी घरत साहेब पुन्हा सुखदात आले ते एकटे, साध्या कपड्यांत. मला म्हणाले, "तुमी पण चला. शेजारी म्हणून बसा. तोंड उघडायचं नाय." मी कबूल केलं. माझं तोंड किती वेळ बंद राहतं ते मला माहीत होतं.

सत्यजीत बाहेरच्या खोलीत बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याची मला दया आली, खरं सांगते. तेव्हा आली.

"तुमी निघालात तेव्हा बायको काय करत होती?" साहेबांनी विचारलं.

"स्वयंपाकघरात होती. चंद्राची वाट बघत. म्हणाली, सांभाळून जा."

"काय भांडण? कुरबुर?"

"नाही हो. आमच्यात काही नव्हतं. तिला ब्रेसेसचं वेड होतं, मी थोडी चेष्टा करायचो. या वयात दात सरळ करून कुणाला दाखवणार, असं. बाकी काही नाही."

"तिच्या नोकरीत वगैरे काय नवीन?"

"काही नाही. रोजचंच. बेलापूरचं ऑफिस आणि घर."

मी ओठ दाबून धरले. कारण चतुर्थीच्या सकाळी माझ्या खुर्चीत बसून, तोंडात कापूस असताना, अनुयाने मला सांगितलं होतं की तिची बदली पुण्याला झालीय, तिने होकार दिलाय, आणि ती एकटीच जाणार आहे. "अजून कुणालाच बोलले नाही, डॉक्टर. आज सांगते घरी. चतुर्थीचा दिवस चांगला असतो." मी तिला पुण्यातल्या एका डॉक्टरचं नाव दिलं होतं, पुढची रबरं त्यांच्याकडे बदलायला.

म्हणजे तिने सांगितलंच नाही? की सांगायला वेळच मिळाला नाही?

आशालताकाकू आतून चहा घेऊन आल्या.  साहेबांनी त्यांना बसवलं आणि त्या रात्रीचं जेवण पहिल्यापासून विचारलं. काकूंनी पुन्हा सगळं सांगितलं. चंद्र, अर्घ्य, नैवेद्य, वरण-भात.

"वरणाला हळद घातलेली?"

"हळदीशिवाय वरण कसं होईल? हिंग, हळद, थोडा गूळ. अनुयाला माझ्या हातचं वरण फार आवडायचं. दोन वाट्या घेतल्या तिने." आणि काकू रडायला लागल्या. खोटं रडणं नव्हतं ते. मला आजही वाटतं, नव्हतं. "पुण्याला जाते म्हणाली होती. बघा आता कुठे गेली."

सत्यजीतने मान झटकन वर केली.

घरत साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना पुण्याचं काहीच माहीत नव्हतं, पण पोराची मान वर झालेली त्यांनी बघितली.

जिन्यात आल्यावर मी त्यांना अनुयाचं बोलणं सांगितलं. सकाळी कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता सासूला माहीत आहे. म्हणजे ती त्याच दिवशी, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बोलली. सत्यजीत घरी असताना बोलली, नाहीतर पुण्याचं नाव निघाल्यावर ‘कसलं पुणं’ असं त्याने विचारलं असतं. आणि सत्यजीत म्हणतो, काही नवीन नव्हतं.

"भांडण झालं, हे धरू," साहेब म्हणाले. "सासूने खोटं जेवण रचलं, हेही धरू. पोरगा निघाल्यावर सून धडधाकट होती, हे दाखवायला रचलं. पण मॅडम, मेलेली बाई रात्री उशिरा मरते कशी? पोरगा संध्याकाळी तिचा जीव घेऊन गेला असता तर डॉक्टरला मरण तेव्हाचं दिसलं असतं. नाय दिसलं. इथंच सगळं अडतंय."

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. मी पायरीवर बसले. कारण ते कुठेच अडत नव्हतं, हे मला दिसलं होतं, आणि ते दिसू नये असं मला वाटत होतं.

५

"साहेब, डोक्याला मार लागला की माणूस तिथल्या तिथे मरतंच असं नाही," मी म्हणाले. "कवटीच्या आत रक्त साचत जातं. हळूहळू. माणूस बेशुद्ध असतं, पण श्वास चालू असतो. तासन्‌तास."

ते माझ्यासमोर दोन पायऱ्या खाली उभे होते. त्यांनी टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"म्हंजे मार चंद्राच्या आधी..."

"आणि मरण चंद्राच्या नंतर. मधला सगळा वेळ ती जिवंत होती. जेवू शकत नव्हती इतकंच. म्हणून रबरं पांढरी राहिली. ती सासूबरोबर जेवायला बसली असती तर पिवळी झाली असती, आणि ती धडधाकट असती तर जेवायला बसलीच असती. सकाळपासून एवढासा साबुदाणा खाल्लेली बाई चंद्र दिसल्यावर जेवत नाही, असं होत नाही. तुमच्या आईला विचारा."

"आणि जिन्यात कशी आली?"

"तिचे तळवे बघितलेत? आमची गच्ची आठवडा-आठवडा झाडत नाहीत. अनवाणी वर गेलेल्या बाईचे पाय इतके स्वच्छ नसतात. ती जिन्यात चालत आलीच नाही. तिला कुणीतरी चादरीवर घालून दारातून ओढून आणून ठेवलं, अरसलान खाली उतरून गेल्यावर. काकू भिंगातून बघत होत्या, ते खरंच आहे. तो कधी जातो याचीच वाट बघत होत्या."

घरत साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या पुन्हा पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांना फोन केला. या वेळी नीट विचारलं. मार लागल्यावर ती किती वेळ जगली असेल? डॉक्टर म्हणाले, कवटीखाली रक्ताची मोठी गाठ आहे, ती साचायला वेळ लागतो, तीन-चार तास तरी सहज. आणि न विचारताच पुढे म्हणाले, "वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर अशी केस बऱ्याचदा वाचते."

साहेबांनी फोन खिशात टाकला. माझ्याकडे न बघता वर गेले आणि दार वाजवलं.

सत्यजीतने दार उघडलं. साहेबांनी त्याला एकच गोष्ट सांगितली, अगदी शांतपणे. "तुमी निघालात तेव्हा ती मेली नव्हती."

मी मागेच होते. मी त्याचा चेहरा बघितला. तोपर्यंत त्याला हे माहीतच नव्हतं. तो दारातच खाली बसला, दोन्ही हातांनी चौकट धरून, आणि बोलायला लागला. तिने पुण्याचं सांगितलं. तो म्हणाला, जायचं नाही. ती म्हणाली, विचारत नाहीये, सांगतेय. त्याने ढकललं. एकदाच ढकललं, असं तो दहा वेळा म्हणाला. ओट्याची कड डोक्याला लागली, ती पडली आणि हललीच नाही. खाली बस हॉर्न वाजवत होती. आईने त्याच्या खांद्याला सॅक अडकवली आणि म्हणाली, "ती गेली. तू कामावर जा. मी बघते."

"आई म्हणाली, गेली," तो साहेबांना म्हणाला. "आईनेच सांगितलं."

आत काकूंच्या खोलीचं दार बंद होतं. 

६

अरसलानला सोडायचे कागद दुसऱ्या दिवशी झाले. मी त्याला न्यायला ठाण्यात गेले तर व्हरांड्यातल्या बाकावर आशालताकाकू बसलेल्या, शेजारी एक महिला शिपाई. त्यांना कुठेतरी न्यायचं होतं, गाडीची वाट बघत होत्या. साडी तीच, कपाळावर कुंकू तेच, रोज जिन्यात दिसायच्या तशाच.

मी बोलायचं नाही असं ठरवून पुढे निघाले होते. त्यांनीच हाक मारली.

"हादिया, माझा सत्या काही खातो का बघ गं. कालपासून उपाशी आहे म्हणतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा भाऊ आत पंप न मिळता तीन रात्री खोकत होता. एक पोरगी माझ्या खुर्चीत बसून पुण्याचे बेत सांगून गेली ती परत आलीच नाही. आणि ह्यांना सत्याच्या जेवणाची पडलेली.

"काकू, ती श्वास घेत होती," मी म्हणाले. "तुम्हाला कळलं होतं ना?"

त्यांनी मान खाली घातली. महिला शिपाई माझ्याकडे बघायला लागली, पण उठली नाही.

"बस गेली आणि मग कळलं," काकू म्हणाल्या. "घशातून आवाज यायला लागला. मी पाणी लावलं तोंडाला. आत जाईना. मग चंद्र आला. मी अर्घ्य दिलं. देवाला म्हटलं, हिला उठव. ताटं वाढली. वाटलं, उठेल, जेवेल, आणि उद्या आम्ही तिघं बसून बोलू. नाही उठली. मग म्हटलं, सत्याचं काय होईल? तिचं ताट मी तसंच खरकटं केलं आणि मोरीत ठेवलं. माझंही."

"तिला चादरीवर घेऊन बाहेर ओढलंत, तेव्हा?"

"तेव्हाही घेत होती."

घरत साहेब आतून अरसलानला घेऊन येत होते. तो वाकून चालत होता, तीन दिवसांत दहा वर्षांनी मोठा दिसत होता. त्याने काकूंना बघितलं आणि थांबला. ह्याच बाईचा फ्रिज त्याने दिवाळीत फुकट दुरुस्त केला होता. काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"ह्यांना इथनं न्यायला सांगू का?" साहेबांनी मला हळूच विचारलं.

"थांबा," मी म्हणाले. एक गोष्ट विचारल्याशिवाय मला तिथून हलता येत नव्हतं. "काकू, मी खाली होते. त्या रात्री घरातच होते. एक जिना उतरायचा, दार वाजवायचं. गाडी होती माझ्याकडे, मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर. सत्यजीतही वाचला असता. नुसती मारहाणीची केस झाली असती. का नाही बोलावलंत मला?"

"आले होते," त्या म्हणाल्या. "तुझ्या दारापर्यंत आले होते. बेलवर बोट ठेवलं होतं मी."

"मग?"

"तू आधी विचारलं असतंस, कसं लागलं."

गाडी आली. महिला शिपायाने त्यांचा दंड धरला आणि त्यांना उठवलं.  त्या पायऱ्या उतरायला लागल्या तेव्हा मी मागून ओरडले.

"नसतं विचारलं, काकू! आधी तिला गाडीत घातलं असतं!"